जमीन नाही, तरी आठ प्रांत! छंदातला देश कारभार कसा चालवतो आणि बीडच्या ग्रामसभेला त्यातून काय घेता येईल?

या देशाला राजा आहे, पंतप्रधान आहे, दोन सभागृहांची संसद आहे, आठ प्रांत आहेत आणि स्वतःची भाषाही आहे. नाही ती फक्त जमीन. नागरिकांची संख्या आपल्याकडच्या एखाद्या वाडीइतकीच, तीही जगभर विखुरलेली. अनेकांची एकमेकांशी प्रत्यक्ष भेट नाही. तरीही निवडणुका होतात, विधेयकं येतात, प्रांतांचे प्रतिनिधी वरच्या सभागृहात बसतात आणि मतदान चुकवलं की नागरिकत्वसुद्धा जातं.

या देशाचं नाव टॅलोसा. जगाच्या नकाशावर तो सापडणार नाही, कारण तो 'मायक्रोनेशन' म्हणजे छंद म्हणून चालवलेला देश आहे. वाचताना हसू येईल. पण बीड जिल्ह्यात 26 जानेवारीची ग्रामसभा भरते तेव्हा अर्धं गाव ऊसतोडीच्या फडात असतं, हे आठवलं की या हौशी देशाकडे जरा गंभीरपणे पाहावंसं वाटतं. तिथं अधिकार खोटे आहेत, पण हजेरी खरी आहे. आपल्याकडे अधिकार खरे आहेत. हजेरीचं काय?

मायक्रोनेशन म्हणजे नेमकं काय?

एखादी व्यक्ती किंवा गट स्वतःला स्वतंत्र देश म्हणून जाहीर करतो, झेंडा-घटना-चलन तयार करतो, पण जगातला कोणताही देश त्याला मान्यता देत नाही. अशा देशाला मायक्रोनेशन म्हणतात. व्हॅटिकन, मोनॅको किंवा नाउरू हे आकाराने लहान असले तरी खरे देश आहेत, त्यामुळे ते या यादीत येत नाहीत.

देश कशाला म्हणायचं याचा सर्वाधिक वापरला जाणारा निकष 1933 च्या माँटेव्हिडिओ करारातला आहे. त्यात चार अटी आहेत: कायमस्वरूपी लोकसंख्या, निश्चित भूभाग, सरकार आणि इतर देशांशी संबंध ठेवण्याची क्षमता. बहुतेक मायक्रोनेशन यातल्या तिसऱ्या अटीवर जोर देतात. भूभाग आणि लोकसंख्या नसली तरी सरकार मात्र साग्रसंगीत असतं.

यांचे प्रकारही वेगवेगळे आहेत. इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ दुसऱ्या महायुद्धातल्या एका समुद्री किल्ल्यावर रॉय बेट्स यांनी 1967 मध्ये 'सीलँड' जाहीर केलं. अमेरिकेच्या नेवाडा राज्यात केव्हिन बॉ यांचं 'मोलोसिया' आहे. काही एकरांच्या या देशाचं चलन कुकीच्या कणकेच्या भावाशी जोडलेलं आहे. ही उघड गंमत आहे. दुसऱ्या टोकाला ऑस्ट्रेलियातलं 'हट रिव्हर' होतं. 1970 मध्ये गव्हाच्या कोट्यावरून सरकारशी भांडण झालं आणि लिओनार्ड कॅस्ली या शेतकऱ्याने आपली जमीन वेगळी झाल्याचं जाहीर केलं. पन्नास वर्षं पर्यटक येत राहिले, शिक्के उमटत राहिले. शेवटी कराची थकबाकी लाखो डॉलरवर गेली आणि 2020 मध्ये हा देश गुंडाळावा लागला. देश काल्पनिक असला तरी कर खराच भरावा लागतो, हा त्यातला धडा.

खोलीतून सुरू झालेला देश

टॅलोसाची सुरुवात 26 डिसेंबर 1979 रोजी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात झाली. रॉबर्ट बेन मॅडिसन या 14 वर्षांच्या मुलाने स्वतःची झोपायची खोली अमेरिकेपासून वेगळी झाल्याचं जाहीर केलं. 'टॅलोसा' हा फिनिश भाषेतला शब्द आहे, अर्थ 'घराच्या आत'. पुढच्याच वर्षी त्याने या देशासाठी भाषा रचायला घेतली. मित्र, नातेवाईक नागरिक झाले. मग खोलीची हद्द वाढत मिलवॉकीच्या पूर्व भागापर्यंत गेली, अर्थात फक्त कागदावर. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळच्या सेझांब्र या बेटावरही दावा सांगितला गेला.

1990 च्या दशकात इंटरनेट आलं आणि चित्र बदललं. ओळखीपाळखीतला खेळ जगभरातल्या अनोळखी माणसांपर्यंत पोचला. 2000 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या वृत्तपत्रांनी दखल घेतल्यावर अर्जांची संख्या आणखी वाढली. नागरिक व्हायचं तर अर्ज करायचा, टॅलोसा आपल्याला का हवा यावर निबंध लिहायचा, आधीच्या नागरिकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. पासपोर्ट मिळत नाही, नोकरी मिळत नाही, अनुदानही नाही. मिळतं ते एक मत आणि एक प्रांत.

प्रांतांचा कारभार कसा चालतो?

टॅलोसाचे आठ प्रांत आहेत. आतातुर्क, बेनितो, सेझांब्र, फियोव्हा, फ्लोरेन्सिया, मारिकोपा, मारितीमी-माक्सेश्तिक आणि वुओदे अशी त्यांची नावं. नवा नागरिक जगात कुठे राहतो त्यावरून त्याचा प्रांत ठरतो. म्हणजे मिलवॉकीतल्या एखाद्या गल्लीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रांताचा मतदार प्रत्यक्षात दुसऱ्याच खंडात राहत असू शकतो.

रचना मात्र आपल्याला ओळखीची वाटेल. 'ऑर्गॅनिक लॉ' ही सगळ्या देशाची घटना. तिच्या चौकटीत प्रत्येक प्रांताला स्वतःची घटना करता येते, झेंडा ठरवता येतो, सभा भरवता येते. प्रांतात राजाचा एक प्रतिनिधी असतो, आपल्याकडच्या राज्यपालासारखा. काही प्रांतांत निवडक प्रतिनिधींऐवजी सर्वच नागरिक सभेचे सदस्य असतात. हा तर थेट ग्रामसभेचा नमुना झाला.

संसदेत दोन सभागृहं आहेत. खालचं 'कोसा' आणि वरचं 'सेनाट्स'. वरच्या सभागृहात प्रत्येक प्रांताचा एक सेनेटर बसतो. प्रांतात मतदार जास्त असोत की कमी, सेनेटर एकच. खालच्या सभागृहात पक्षांना मतांच्या प्रमाणात जागा मिळतात. गंमत अशी की अनेक वर्षं या सभागृहाच्या 200 जागा धरल्या जात होत्या, पण तेवढे कार्यकर्ते आणायचे कुठून? म्हणून एकाच प्रतिनिधीकडे अनेक जागा दिल्या जात आणि त्याच्या मताचं वजन तेवढं वाढे.

विधेयकं महिन्याच्या महिन्याला एकत्र करून मतदानाला ठेवली जातात. या मासिक पत्रिकेला 'क्लार्क' म्हणतात. प्रत्येक सदस्याने ठरलेल्या मुदतीत प्रत्येक विधेयकावर होकार, नकार किंवा तटस्थ असं मत नोंदवायचं. कुणी काय मत दिलं हे सगळ्यांना दिसतं आणि जुन्या नोंदी जपल्या जातात. सलग मतदान चुकवणाऱ्या सदस्याची जागा जाते. सामान्य नागरिकानेही लागोपाठच्या निवडणुकांत मत दिलं नाही तर त्याने नागरिकत्व सोडलं असं मानण्याची तरतूद आहे.

नियमांमागचं कारण सरळ आहे. ज्या देशाला जमीन नाही, पोलीस नाहीत, तिथे देश असण्याचा एकच पुरावा उरतो, तो म्हणजे माणसं येतात आणि मत देतात.

कारभार कुठे अडतो?

कागदावर सगळं चोख असलं तरी अशा देशांची खरी अडचण प्रांतांमध्येच दिसते. नागरिक शेकड्यांत. त्यांना आठ प्रांतांत वाटलं की प्रत्येकाच्या वाट्याला मूठभर माणसं येतात. त्यातून राजाचा प्रतिनिधी, प्रांतप्रमुख, सेनेटर आणि कारकून अशी पदं भरायची. तीच तीच माणसं तीन-तीन खुर्च्यांवर बसतात. त्यातलं एखादं माणूस नोकरीत अडकलं, आजारी पडलं किंवा नुसतं कंटाळलं, की प्रांताची सभा महिनोन्महिने थंड पडते. नियम तसेच राहतात, पण ते चालवायला कुणी उरत नाही.

फूटही पडते. संस्थापक राजाच्या कारभाराला कंटाळून 2004 मध्ये एक गट बाहेर पडला आणि त्याने 'टॅलोसा प्रजासत्ताक' स्थापन केलं. पुढच्याच वर्षी मॅडिसन स्वतः देश सोडून गेले. नंतर नवा राजा निवडला गेला आणि आठ वर्षांनी, 2012 मध्ये दोन्ही गट पुन्हा एक झाले. एकत्र येताना वाटाघाटी झाल्या, घटनेत बदल झाले, मतदान झालं. ज्यात कुणालाच काही मिळणार नव्हतं अशा भांडणाचा शेवटही लोकांनी नियमाच्या वाटेनेच केला.

इथे एक शंका येणं साहजिक आहे. हे सगळं रिकामपणाचे उद्योग नाहीत का? काही प्रमाणात आहेतच. पण अशा देशांत तासन्‌तास घालवणारी माणसं एक गोष्ट शिकतात, जी नागरिकशास्त्राच्या पुस्तकातून शिकता येत नाही. विषयपत्रिका कशी लिहायची, दुरुस्ती कशी सुचवायची, हरल्यावर पुढच्या बैठकीला का यायचं, इतिवृत्त का जपायचं. आपल्या जिल्हा परिषद शाळांतलं शालेय मंत्रिमंडळही याच जातीचं. आरोग्यमंत्री झालेली सहावीतली मुलगी नखं तपासते तेव्हा तिच्याकडे कोणताही अधिकार नसतो, पण जबाबदारीची सवय लागते.

महाराष्ट्रातलं चिमुकलं राज्य: औंध

छोट्या राज्यात लोकांनी कारभार चालवण्याचा खरा, गंभीर प्रयोग महाराष्ट्रात होऊन गेला आहे. तो छंद नव्हता आणि त्या राज्याला जमीनही होती. पण टॅलोसासारखीच तीही तुकड्यातुकड्यांत विखुरलेली.

औंध हे सातारा भागातलं संस्थान. क्षेत्रफळ सुमारे 500 चौरस मैल, गावं 72. औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ असे चार तालुके, आणि तेही सलग नव्हेत. आजच्या हिशेबाने औंध सातारा जिल्ह्यात, आटपाडी आणि कुंडल सांगलीत, तर गुणदाळ कर्नाटकात. सूर्यनमस्काराच्या प्रसारासाठी ओळखले जाणारे भवानराव पंतप्रतिनिधी हे तिथले राजे. नोव्हेंबर 1938 मध्ये त्यांनी सत्ता प्रजेच्या हाती देण्याची घोषणा केली आणि जानेवारी 1939 मध्ये नवी घटना आली.

ही घटना घडवण्यात राजपुत्र अप्पासाहेब पंत, मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे अभियंते आणि महात्मा गांधी यांचा हात होता. फ्रीडमन बंगळुरूतल्या विजेच्या साहित्याच्या कारखान्यात काम करत होते. ते गांधींकडे ओढले गेले आणि 'भारतानंद' या नावाने ओळखले जाऊ लागले.

घटनेची रचना खालून वर जाणारी होती. गावाने पाच जणांची पंचायत निवडायची. गावोगावच्या पंचायतींचे अध्यक्ष मिळून तालुक्याची समिती. तालुक्यांनी पाठवलेले प्रतिनिधी मिळून राज्याचं विधिमंडळ. गावातले तंटे गावात सोडवायचे आणि महसुलाचा मोठा वाटा तालुक्यांकडे खर्चायला द्यायचा. आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' ही कैद्यांची खुली वसाहतही याच काळात, 1939 मध्ये सुरू झाली. 'दो आँखें बारह हाथ' या 1957 च्या चित्रपटाचं मूळ तिथलं.

याच संस्थानातलं कुंडल हे गाव पुढे 1943 ते 1946 या काळात क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या प्रतिसरकारचं महत्त्वाचं केंद्र झालं. ब्रिटिश सत्ता झुगारून न्यायदान मंडळं, तुफान सेना, दारूबंदी, कमी खर्चाची लग्नं असा गावपातळीवरचा कारभार त्यांनी उभा केला. पंचायतीची सवय असलेल्या आणि परकी सत्ता नको असलेल्या अशा दोन प्रयोगांची जमीन एकच होती.

8 मार्च 1948 रोजी औंध मुंबई प्रांतात विलीन झालं. त्या दिवशी बीड अजून निजामाच्या राज्यात होतं. हैदराबाद संस्थान भारतात आलं ते 17 सप्टेंबर 1948 ला. म्हणजे आटपाडीचा शेतकरी गावची पंचायत निवडत होता तेव्हा आष्टी-पाटोद्याच्या शेतकऱ्याला असा हक्क ठाऊकही नव्हता. आज तो हक्क बीडमध्ये प्रत्येक प्रौढाला आहे. मिळायला वेळ लागला, म्हणून त्याची किंमत अधिक.

भारतात असा देश काढता येतो का?

मित्रांनी मिळून घरात बसून काल्पनिक देशाचा झेंडा काढला, घटना लिहिली, आपसांत निवडणूक घेतली तर तो खेळ आहे. त्याला बंदी घालणारा वेगळा कायदा नाही. मात्र खेळाची रेषा ओलांडली की गोष्टी झपाट्याने बदलतात.

भारताच्या सार्वभौमत्वाला, एकतेला धोका पोचवणाऱ्या कृत्यांसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम 152 आहे आणि त्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. अशोकस्तंभाच्या राजमुद्रेच्या गैरवापराविरुद्ध 2005 चा स्वतंत्र कायदा आहे. पासपोर्टसारखी कागदपत्रं, नोटा, सरकारी शिक्के यांची नक्कल करणं हा गुन्हाच.

याचं ताजं उदाहरण जुलै 2025 मधलं. उत्तर प्रदेश पोलिसांच्या विशेष पथकाने गाझियाबादमध्ये भाड्याच्या बंगल्यात चालणारा बनावट 'दूतावास' उघडकीला आणला. वेस्टार्क्टिका आणि आणखी काही काल्पनिक देशांचा राजदूत असल्याचं भासवणाऱ्या एकाला अटक झाली. राजनैतिक नंबरप्लेट लावलेल्या गाड्या, बनावट पासपोर्ट, शिक्के आणि सुमारे 44 लाख रुपये रोख सापडल्याचं पोलिसांनी सांगितलं. परदेशात काम मिळवून देण्याच्या नावाखाली फसवणूक केल्याचा आरोप आहे.

फरारी स्वयंघोषित गुरू नित्यानंद याचा 'कैलासा'ही असाच चर्चेत राहिला. 2023 मध्ये त्याच्या प्रतिनिधींनी जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या समितीच्या खुल्या बैठकीत हजेरी लावली. अमेरिकेतल्या नेवार्क शहराने तर कैलासाशी भगिनी-शहराचा करार केला आणि फसगत लक्षात आल्यावर रद्द केला. त्यामुळे मोबाइलवर कुणी 'नव्या देशाचं नागरिकत्व', 'दूतावासात नोकरी' किंवा 'राजनैतिक ओळखपत्र' विकत असेल, तर पैसे देण्याआधी थांबा. टॅलोसासारख्या हौशी देशात नागरिकत्व विकलं जात नाही, तिथे निबंध मागतात.

आपल्या गावात आपलं सरकार हवं असेल, तर त्यासाठी वेगळा देश काढण्याची गरजच नाही. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाने 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा दिली आणि ती भारतीय कायद्याच्या चौकटीत राहून खरी केली. निर्णय ग्रामसभेत, तेही सर्वसहमतीने. याच बळावर गावाने वनहक्क कायद्याखाली आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला आणि 2011 मध्ये बांबूच्या विक्रीचा अधिकारही.

बीडमध्ये या सगळ्याचं काय?

बीड जिल्ह्यात 11 तालुके आणि हजाराहून अधिक ग्रामपंचायती आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 25 लाख 85 हजार. टॅलोसाच्या राजाने स्वप्नातही पाहिली नसेल एवढी प्रजा आणि खरे अधिकार.

पण वरच्या पातळीवर काय झालं पाहा. जिल्हा परिषदेची निवडणूक फेब्रुवारी 2017 मध्ये झाली. मार्च 2022 मध्ये मुदत संपली आणि राज्यातल्या इतर अनेक जिल्हा परिषदांप्रमाणे इथेही प्रशासक आला. ओबीसी आरक्षण आणि गट-गणांच्या रचनेचे वाद न्यायालयात अडकले. रखडलेल्या निवडणुका चार महिन्यांत घ्या, असं सर्वोच्च न्यायालयाने 6 मे 2025 रोजी सांगितलं, तोवर तीन वर्षं उलटून गेली होती. एवढा काळ रस्ता, शाळेची खोली, आरोग्य उपकेंद्र यांचे निर्णय घेताना लोकांनी निवडलेला एकही सदस्य सभागृहात नव्हता. हौशी देशातल्या रिकाम्या प्रांतसभेने कुणाचं काही बिघडत नाही. रिकाम्या जिल्हा परिषदेने बिघडतं.

उरते ग्रामसभा. तिची मुदत संपत नाही, ती बरखास्त होत नाही आणि मतदार यादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा आपोआप सदस्य असतो. वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर हे रूढ दिवस.

गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी लागते. उदाहरणार्थ, 600 मतदारांच्या गावात 90 जण हवेत. 1,500 मतदारांच्या गावात 15 टक्के म्हणजे 225 होतात, पण 100 जण पुरेसे. तेवढेही जमले नाहीत तर सभा तहकूब होते. तहकूब सभेला मात्र गणपूर्तीची अट नसते. म्हणजे पहिल्या दिवशी लोक आले नाहीत तर दुसऱ्या वेळी अगदी थोड्या माणसांतही तेच विषय मंजूर होऊ शकतात. सरकारी कागदावर तो निर्णय गावाचाच असतो.

आता यात ऊसतोड आणा. दसरा-दिवाळीच्या सुमारास उचल घेतलेल्या जोड्या मुकादमाच्या गाडीत बसतात. पश्चिम महाराष्ट्र, कर्नाटक आणि पुढे जिथे कारखाना असेल तिथे कोयता चालतो. परत यायला मार्च-एप्रिल उजाडतो. त्यामुळे 26 जानेवारीची ग्रामसभा त्यांच्या आयुष्यातून जवळपास बाद झालेली असते. निवडणूक असेल तर उमेदवार गाड्या पाठवून मतदार आणतात, कारण तेव्हा मत मोजलं जातं. ग्रामसभेसाठी कुणी गाडी पाठवत नाही.

नियम पंचायत सदस्यालाही लागू आहे. परवानगीशिवाय सलग सहा महिने बैठकांना गैरहजर राहिल्यास सदस्यत्व जाऊ शकतं. राखीव जागेवर निवडून आलेली एखादी महिला कोयत्यावर गेली तर तिच्यावरची ही टांगती तलवार टॅलोसाच्या सदस्यापेक्षा किती तरी जड आहे. टॅलोसात मत चुकतं ते आळसाने. इथे चुकतं ते पोटासाठी.

मग करायचं काय?

कॅलेंडर नीट पाहिलं तर एक तारीख महत्त्वाची ठरते, 2 ऑक्टोबर. गावाचा पुढच्या वर्षाचा विकास आराखडा ठरवण्याची देशव्यापी मोहीम 2018 पासून याच दिवसापासून सुरू होते. वित्त आयोगाचा पैसा कोणत्या वस्तीच्या पाण्यावर, कोणत्या अंगणवाडीवर खर्च व्हायचा याची यादी याच काळात बनते. आणि 2 ऑक्टोबरला ऊसतोड कामगार बहुतेक ठिकाणी अजून गावात असतात. गाडी भरण्याआधीचा हा शेवटचा मोठा दिवस.

त्या एका सभेची तयारी कशी करता येईल?

– सभेची नोटीस किमान सात दिवस आधी निघायला हवी. ती चावडीवर लागली की फोटो काढून गावाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाका. तांड्यावर, वस्तीवर दवंडीही होऊ द्या.

– आपल्या वस्तीची कामं आधीच कागदावर लिहा, सह्या घ्या आणि ग्रामपंचायतीत देऊन पोच घ्या. तोंडी मागणी इतिवृत्तात येत नाही.

– हंगामात मुलं कुठे राहणार, याचा विषय याच सभेत घ्या. हंगामी वसतिगृहाची मागणी गाव रिकामं झाल्यावर केली तर उशीर होतो.

– महिलांची सभा ग्रामसभेच्या आधी घेणं अपेक्षित आहे. ती खरंच झाली का, विचारा. तिथले ठराव पुढच्या सभेत वाचून दाखवायला सांगा.

– ठराव झाल्यावर सही करण्याआधी तो कसा लिहिला आहे ते वाचा. इतिवृत्ताची प्रत मागण्याचा हक्क गावकऱ्याला आहे.

– फडात असतानाही 'ई-ग्रामस्वराज'वर आपल्या गावाचा आराखडा आणि खर्च मोबाइलवर पाहता येतो. 24 एप्रिल 2020 पासून ही सोय आहे. यादीत आपलं काम नसेल तर 1 मेच्या सभेत विचारायला तो पुरावा असतो.

1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर. ऊसतोड कामगाराला वर्षातल्या चारपैकी तीन ग्रामसभा गाठता येतात. 26 जानेवारीच्या सभेत आपल्या वस्तीचे मोठे निर्णय होणार असतील, तर ते विषय 2 ऑक्टोबरलाच घ्यावेत अशी लेखी मागणीही करता येते.

टॅलोसाच्या नागरिकाकडे जमीन नाही, म्हणून तो मत जपतो. औंधच्या शेतकऱ्याला मत मिळालं आणि नऊ वर्षांत ते राज्यच संपलं. बीडच्या माणसाकडे जमीन आहे, गाव आहे आणि न संपणारी ग्रामसभा आहे. तिच्या हजेरीपत्रकावर पुढच्या 2 ऑक्टोबरला किती सह्या पडतात, त्यावर गावातला पैसा कोणत्या वस्तीकडे वळतो हे ठरेल.